मोजणीबाहेरचा झब्बा

ज्याच्या नजरेतून मुंगीचे पिल्लू सुटत नाही, ज्याच्या दारच्या गर्दीत कोणी परका नाही, त्या मायबाप गजाननाला आधी साष्टांग नमन. देवा, तू सगळे पाहतोस आणि गप्प राहतोस. तुझे हे मोठेपण आम्हां लेकरांना कधीकधी फार जड जाते. तुझ्याच निरोपाच्या संध्याकाळी, तुझ्याच पाटापासून हातभर अंतरावर, एका आईच्या हातातले बोट सुटले. ते कुठे गेले हे तू जाणतोस, आम्ही जाणत नाही. न जाणणाऱ्याने करावे तरी काय? चालत राहावे. असा एक माणूस या मुंबापुरीत जवळजवळ वीस वर्षे चालतो आहे. त्याच्या पायांना बळ दे, सांगणाऱ्याच्या वाणीला सत्य दे, आणि मग त्याचे नाव घेऊ दे.

नाव बाबुराव कुडपकर, राहणार काळाचौकी. मूळ घर मालवणाकडचे, वडील गिरणीत साचेवाले. त्यांचा हा मुलगा पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागला, हवालदार झाला, आणि सेवा संपता संपता खांद्यावर एक तारा घेऊन घरी आला. पण गिरगावात, जिथे त्यांची उमेदीची वर्षे गेली, तिथे ते आजही हवालदारच. साठी केव्हाच ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी या माणसाचे बूड एका जागी टेकत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी तोंड दाराकडे. मंडळाच्या आरतीला उभे राहिले की साऱ्या मंडपाच्या नजरा मूर्तीच्या मुखाकडे असतात आणि बाबुरावांची नजर खाली, माणसांच्या कमरेखाली, जिथे मुले असतात. कोणते पोर कोणाच्या हाताला आहे, कोणाचा हात सुटला आहे, कोण रडवेले झाले आहे. टाळ्या तेही वाजवतात, पण ताल चुकतो.

"खाली काय बघतास? देव वर आसा," त्यांची बायको लक्ष्मीबाई कोपराने ढोसतात.

"त्याच्याकडे बघायला तू आहेस की," बाबुराव म्हणतात, आणि बघणे काही थांबवत नाहीत.

ही नजर त्यांना फणसवाडीने दिली. फणसवाडीत तळपदे नावाचे जुने कुटुंब आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचे; पणजोबा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, माधवराव सॉलिसिटरच्या ऑफिसात, ललिताबाई बँकेत. त्यांचा एकुलता एक मुलगा शंतनु, तेव्हा पाच वर्षांचा. अनंत चतुर्दशीला वाडीचा गणपती चौपाटीवर गेला, वाळूत पाट टेकला आणि निरोपाची आरती सुरू झाली. टाळीला दोन हात लागतात. ललिताबाईंनी मुलाचे बोट सोडले आणि टाळी धरली. आरती संपली, डोळे मिटून हात जोडले, डोळे उघडले, बोट धरायला हात खाली नेला, तर हाताला नुसता वारा लागला.

त्या रात्री चौपाटीवरच्या कर्ण्यांतून शंतनूचे नाव इतक्यांदा पुकारले गेले की पुकारणाऱ्याचा घसा बसला. लाटांच्या कडेने माणसे कंदील-बॅटऱ्या घेऊन फिरली, कोळ्यांनी होड्या काढल्या. आणि तिसऱ्या दिवशी एक धागा हाती आला. चर्नी रोड स्टेशनजवळ बसणारा एक नारळवाला सांगू लागला, की त्या संध्याकाळी दिवेलागणीला पुलाच्या जिन्यावर एक बाई एका मुलाला फरफटत नेत होती. बाईच्या अंगावर हिरवी साडी. मुलगा जिवाच्या आकांताने रडत होता. बाईने त्याला थप्पड मारली. त्याची एक चप्पल जिन्यावरून खाली गेली, तरी तिने त्याला मागे वळू दिले नाही. आणि मुलाच्या अंगात होता पिवळा झब्बा, लाल काठाचा.

आता या झब्ब्याची गोष्ट ऐकावी. फणसवाडीची एक गोड रीत आहे. गणपतीच्या आधी सारी वाडी मिळून कापडाचा एक तागा आणते, आणि वाडीतल्या यच्चयावत मुलांना त्या एकाच ताग्यातले झब्बे शिवते. माडीवरचे पोर आणि जिन्याखालच्या खोलीतले पोर देवापुढे एकसारखे दिसावे, हा त्यामागचा भाव. त्या वर्षीचा तागा पिवळा होता. शंतनूच्या अंगात तोच झब्बा होता. पण तो वाडीतल्या आणखी पुष्कळ मुलांच्याही अंगात होता! म्हणून साहेबांनी बाबुरावांना विचारले, "वाडीतली सगळी मुलं पाहिलीत? त्यांतलं कोणी त्या वेळी स्टेशनवर नव्हतं ना?"

बाबुरावांनी काम वरवरचे केले नव्हते. दार आणि दार ठोठावले होते, प्रत्येक मुलाला समोर उभे केले होते, प्रत्येक झब्बा हातात घेऊन पाहिला होता. ते छाती पुढे काढून म्हणाले, "होय साहेब. एकूण एक."

या एका उत्तरावर तपासाचे तोंड वळले. वाळूकडे होते ते रुळांकडे झाले. हरवलेला मुलगा पळवलेला मुलगा ठरला. नारळवाल्याच्या सांगण्यावरून त्या बाईचे चित्र काढले गेले, भेदक डोळ्यांचे, आवळलेल्या ओठांचे, आणि ते वाडीच्या तोंडाशी लागले. पुलाची, साडीची, थपडेची, चपलेची हकिगत मात्र पोलिसांनी स्वतःजवळ ठेवली. खरी बाई सापडली तर पडताळ्याला काही हवे ना. मग बाबुराव निघाले. सुरत, इगतपुरी, भुसावळ, खांडवा. फलाटांवर झोपणारी मुले पाहिली, अनाथाश्रमांच्या पंगती पाहिल्या, हिरव्या साडीतली प्रत्येक बाई दोनदा पाहिली. हक्काच्या रजा यात गेल्या. निवृत्ती आली, पण पाय निवृत्त झाले नाहीत.

आणि दर गणपतीत ते फणसवाडीत तळपद्यांच्या दारी जात. दार उघडून ललिताबाई आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.

"काही नाही ना, बाबुराव?"

"काही नाही, ताई."

"मग चहा तरी गोड करते. या."

माधवराव उठून गॅलरीत जात. त्यांना हे बोलणे सोसत नसे. ललिताबाई मात्र बोलत, आणि जे बोलत ते ऐकून बाबुरावांना कप बशीत ठेवताना आवाज होऊ नये याची काळजी घ्यावी लागे. त्या बाईवर त्या कधीच्या रागावेनाशा झाल्या होत्या.

"सुरुवातीला वाटायचं, समोर आली तर हिचा गळा दाबेन," एकदा त्या म्हणाल्या. "मग मनात आलं, माझं पोर तिच्या घरात जेवतंय. तिला ताप आला तर त्याला कोण वाढणार? तेव्हापासून रोज देवापुढे आधी तिचं नाव. नाव कुठलं म्हणा! 'ती बाई' म्हणते. तिला बरी ठेव म्हणते, तिच्या हाताला चव दे म्हणते. शंतनूची मुंज नाही केली तिनं, तर नाही. आता मिशी आली असेल हो त्याला. तळपद्यांच्या मिशा दाट असतात."

असे होते, सज्जनहो! लेकराला कवेत घेता येईना, म्हणून त्या माउलीने लेकराच्या चोरालाच प्रार्थनेच्या कवेत घेतले होते. ती बाई होती म्हणून शंतनु होता. ती बाई जगत होती म्हणून तो वाढत होता.

यंदाच्या गणपतीत बाबुराव असेच चहा घेऊन जिना उतरत होते. खाली चौकात यंदाच्या ताग्याचे झब्बे वाटणे चालू होते, रंग आकाशी. तळमजल्यावरच्या अच्युतच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या आणि त्यांच्या मध्यभागी अच्युतची थोरली बहीण बसली होती. तिला सारी वाडी बेबी म्हणते. लग्न होऊन इंदूरला गेलेली, गणपतीला माहेरी आलेली. आणि माहेरवाशिणीच्या जिभेला माहेरी कुलूप नसते, तसे तिचेही नव्हते.

"ए अच्युत, पुढच्या वर्षी शिंप्याला सांग जरा सैल शिवायला! आमच्या अभिषेकला तो पिवळा झब्बा काखेत कसला काचायचा!"

"तुझ्या अभिषेकला कुठला ग मिळाला?" अच्युत म्हणाला. "तो थोडाच वाडीतला!"

"आईनं मिळवला रे! ताग्याचं शेपूट उरलं होतं शिंप्याकडे, त्यात बसवला. नातवाला डावलते की काय ती? आणि तो घालून मेल्यानं काय तमाशा केला! मला गाडी गाठायची, आणि हा म्हणतो बाप्पाबरोबर चौपाटीवर जायचं. चर्नी रोडच्या पुलावर बसकणच मारलीन. दिली एक ठेवून आणि नेला ओढत. एक चप्पल गेली पायऱ्यांवरून, ती गेलीच. इंदूरला एका पायात चप्पल घालून उतरलं आमचं ध्यान! सासूबाई म्हणाल्या, माहेरी एवढंच दिलं का हो?"

ओटा खदखदून हसला. जिन्यावर बाबुरावांचा हात कठड्याला चिकटून राहिला.

ते सावकाश खाली आले. "बेबीताई," त्यांनी विचारले, "त्या दिवशी अंगावर साडी कुठली होती?"

"अगबाई, हवालदारकाका! साडी? हिरवी. सासरी निघताना आई हिरवीच नेसवायची मला, माहीत आहे सगळ्यांना. का हो?"

"काही नाही," बाबुराव म्हणाले. आयुष्यात हजारो आरोपी ज्याच्यासमोर खोटे बोलले, तो माणूस इतके खोटे कधी बोलला नव्हता.

वाडीबाहेर आले आणि चालू लागले. स्टेशनकडे जायचे ते चौपाटीकडे गेले, चौपाटीवर थांबायचे ते परत ठाकूरद्वारच्या नाक्यावर आले. डोक्यात एकच दार पुन्हा पुन्हा उघडत होते. त्या वर्षी दारोदार फिरताना त्यांनी बेबीच्या आईलाही विचारले होते, "आजी, तुमच्याकडे किती मुलं? किती झब्बे?" आणि म्हातारी म्हणाली होती, "आमच्याकडे लहान मूल कुठलं, हवालदार? एक लेक, ती दिली परघरी." म्हातारी खोटे बोलली नव्हती. लेक परघरी दिली की लेकीचे पोर परघरचे. माहेरच्या माणसांत ते धरायचे नाही, ही आपली पिढ्यांची मोजदाद. तिने नातवाला झब्बा शिवला मायेने, आणि मोजणीतून वगळला रीतीने. बाबुरावांनी तरी काय वेगळे विचारले? "वाडीतली मुलं." तेही त्याच रीतीत वाढलेले. त्यांच्या स्वतःच्या मुलीची मुलगी वर्षातले चार महिने काळाचौकीला असते, पण घरात माणसे किती विचारले तर ते आजही दोनच सांगतात.

आणि बेबी? पुढच्या वर्षी माहेरी आली तेव्हा वाडीच्या तोंडाशी त्या चित्रापुढे उभी राहिली होती. अभिषेकला छातीशी घट्ट धरून म्हणाली होती, "काका, ही भवानी सापडली की आधी मला दाखवा, झिंज्या उपटते तिच्या!" अंधारात, एका बाजूने पाहिलेला चेहरा चित्रात तिसऱ्याच कोणाचा होऊन बसला होता. स्वतःच्याच चित्राला बेबी शाप देऊन गेली, आणि बाबुराव शेजारी उभे राहून मान हलवत होते.

बसमध्ये चढले ते आपला थांबा विसरले. परळला उतरून उलटे चालत आले. घरी आले तरी उंबऱ्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून उंबऱ्यापर्यंत त्यांची फेरी चालूच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानावर बसले. हात भातात, नजर भिंतीवर.

"जेवतास की शिता मोजतास?" लक्ष्मीबाईंनी विचारले.

तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. आणि मग म्हणाले, "लक्ष्मी, ती पुलावरची बाई म्हणजे ललिताताईंचा श्वास आहे. मी जाऊन सांगितलं की अशी बाईच नव्हती, तर शंतनूला जेवू घालणारं कोणी उरत नाही. त्याची शाळा, त्याची मिशी, सगळं मी एका वाक्यात पुसून टाकणार. आणि नाही सांगितलं, तर पोर ज्या बाजूला गेलं त्या बाजूला कोणी कधी जाणारच नाही. मी काय करू?"

लक्ष्मीबाईंनी आमटीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"आशा कोणाची? तिची. मग तिची वस्तू तिका न इचारता तुमी आपल्या पेटयेत कशी ठेवतलास?"

"तिनं जीवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर?"

"म्हणानच मी येतंय तुमच्या वांगडा. आधी जेवा."

तिसऱ्या प्रहरी दोघे फणसवाडीत पोचली. ललिताबाईंनी दार उघडले, सवयीने चेहरा पाहिला, आणि नेहमीचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलाच नाही. लक्ष्मीबाईंना सोबत पाहून त्यांनी दाराची चौकट धरली.

"सापडला?"

"नाही ताई. सापडला नाही. बसा."

"मी उभीच बरी आहे. बोला."

माधवराव गॅलरीकडे निघाले होते, ते अर्ध्यात थांबले. बाबुरावांनी उभ्या उभ्या सांगितले. साडी सांगितली, थप्पड सांगितली, जिन्यावरची चप्पल सांगितली, ताग्याचे शेपूट सांगितले. एकही शब्द मऊ केला नाही, कारण मऊ केला असता तर त्यांच्याच्याने पुढचा निघाला नसता. शेवटी म्हणाले, "ती बाई आपल्या बेबीताई. तो मुलगा अभिषेक. साहेबांना 'एकूण एक' मी म्हणालो होतो. चूक माझी."

खाली चौकात मुले पकडापकडी खेळत होती. मग ललिताबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारले, "मग शंतनूला शेवटचं कोणी पाहिलं?"

"मी," त्याच म्हणाल्या. "वाळूवर. माझ्याच हातात होता." आणि मग तो आवाज चढला, असा चढला की खालची मुले थांबली. "वीस वर्षं, बाबुराव! वीस वर्षं मी उलट्या दिशेला हाका मारल्या! तो इकडे असेल, आणि मी खांडवा-भुसावळकडे तोंड करून देवाला विनवत बसले! तुम्ही मोजायला गेलात आणि तुम्हांला एक पोर मोजता आलं नाही?"

"नाही आलं, ताई."

"ओरड गो बाय, ओरड," लक्ष्मीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "त्यांका काय व्हायचा नाय. पोलीस आसत, शिये-गाळी खायची सवय आसा."

रडता रडता खाली बसलेल्या ललिताबाईंच्या तोंडून हसण्यासारखे काहीतरी निघाले आणि पुन्हा हुंदक्यात बुडाले. माधवराव आले आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच त्या विषयाच्या मध्ये, बायकोच्या शेजारी, सतरंजीवर बसले. म्हणाले, "टाळी मीही वाजवत होतो, ललिता. बोट मलाही धरता आलं असतं."

थोड्या वेळाने ललिताबाई उठल्या, तोंड धुतले, गॅलरीत गेल्या. "बेबी, जरा वर ये."

बाबुराव पुढे झाले. "ताई, त्यांना मी सांगतो. जबाब घ्यावा लागेल, पण त्यांच्या मनाला..."

"नको. तुम्ही पोलिसासारखं सांगाल."

बेबी पदराला हात पुसत आली. "काय वहिनी, मोदकाला हात हवेत का?" आणि खोलीतले चेहरे पाहून दारातच थांबली. ललिताबाईंनी तिला शेजारी बसवले, तिचा हात हातात घेतला आणि सांगितले. बेबी आधी समजलीच नाही. मग एकदम समजली, आणि हात सोडवून घेऊ लागली.

"मी? ते चित्र... ती मी? वहिनी, मी शाप दिले हो तिला! किडे पडोत म्हणाले! माझ्यामुळे... मी एक शब्द कोणाला बोलले असते तर..."

"तुला कोणी विचारलं होतं का? नाही ना? मग." ललिताबाईंनी हात सोडला नाही. "आणि शापाचं म्हणशील, तर तू एकदा दिलास, मी रोज त्या बाईसाठी मागत होते. देवानं माझंच ऐकलेलं दिसतंय. अभिषेक सहा फूट झाला."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाबुराव गॅलरीत जाऊन उभे राहिले, तिथूनही परत आले, पुन्हा गेले. त्या लहानशा घरात त्यांच्या पायांना जागा पुरेना.

त्याच आठवड्यात सगळी पोलीस ठाण्यात गेली. आता तिथे ऋता नावाची तरुण उपनिरीक्षक आहे. ही मुलगी बाबुरावांना सर म्हणते आणि त्यांच्या उतावळेपणावर रागावतेही. तिने बेबीचा जबाब शब्द न् शब्द घेतला. मग फाइल मिटून तिच्यावर हात ठेवला.

"सर, तुमच्या त्या पुलावरच्या बाईसाहेब गेल्या म्हणजे या गुन्ह्यातली आरोपी गेली. वरचे म्हणतील, बुडाला असेल, बंद करा. मी बंद करणार नाही. पण मग आपल्याला वाळूपासून सुरुवात करावी लागेल. त्या संध्याकाळी चौपाटीवर सापडलेली मुलं कुठे कुठे नेली, कोणाच्या ताब्यात दिली, बालगृहांत कोण आलं. तुम्ही पहिले दोन दिवस हे केलंत, मग नारळवाला आला आणि सोडून दिलंत."

"सोडून दिलं," बाबुराव म्हणाले.

"आणि अजून एक आहे." ती ललिताबाईंकडे वळली. बोलायच्या आधी तिने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. "तुमच्या दोघांच्या रक्ताचा नमुना घ्यावा लागेल. ओळख न पटलेल्या मुलांशी तो जुळवून पाहतात. बालगृहांत मोठी झालेली, दत्तक गेलेली. आणि काकू, त्या वर्षी किनाऱ्यांवर जे बेवारस सापडले, त्यांच्याशीसुद्धा. त्यातलं एक आणि दुसरं नको, असं नाही करता येत. विचार करून सांगा, घाई नाही."

आजवर बाबुरावांनी हा प्रश्न त्या घरात कधी नेला नव्हता. ती बाई मध्ये उभी होती तोवर नेण्याची गरजच पडली नव्हती. त्यांनी माधवरावांकडे पाहिले, माधवरावांनी बायकोकडे. बेबीने पदर तोंडावर दाबून धरला. एका पारड्यात कल्पनेतला दाट मिशांचा जिवंत तरुण, आणि दुसऱ्या पारड्यात काय असेल ते देव जाणे. निवड त्या माउलीची, तिच्यावाचून कोणाचीच नाही.

ललिताबाईंनी घड्याळ मनगटावरून वर सरकवले, बाही दुमडली आणि हात टेबलावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "जिवंत असेल तर आई म्हणून हवा आहे. नसेल तरी आई म्हणूनच हवा आहे. पण आता खराच शंतनु हवा, मनातला पुरे."

बाबुराव खुर्चीतून उठलेच होते. "मॅडम, त्या वेळचा चौपाटीवरचा कर्णेवाला मला ठाऊक आहे. मुलगा त्याचा खेतवाडीत असतो. मी येतो जाऊन."

"सर, बसा हो! उद्या माझा माणूस जाईल."

"तो जाईल उद्या. मी आज जातो."

"जाऊंदे गो," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "बसवलास तर आजारी पडतले." आणि त्या ललिताबाईंच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच बसून राहिल्या.

शंतनूचा पत्ता हे सांगेपर्यंत लागलेला नाही. नमुना गेला आहे, उत्तर यायचे आहे. काळाचौकीचा म्हातारा रोज उन्हात निघतो, एकेका बालगृहाची पायरी चढतो, त्या काळच्या माणसांना शोधून काढतो. आता विचारताना तो "तुमच्याकडची मुलं किती" असे विचारत नाही. "त्या दिवशी इथे कोण कोण होतं," असे विचारतो. पाहुणे, लेकीची, भाच्याची, कोणाचीच नसलेली, सगळी सांगा म्हणतो.

हे कृपासागरा, या बाबुरावांच्या गुडघ्यांत तू वस्तीला ये. त्यांची तळमळ कमी कर असे मागत नाही, ती तळमळ हीच त्यांची पूजा आहे. तिला फळ दे, एवढेच मागतो. लक्ष्मीबाईंच्या चुलीवरची आमटी सदैव ऊन राहो आणि ती खायला घरधनी वेळेवर परतो. त्यांच्या घरात माणसे किती, या प्रश्नाला लेक धरून, नात धरून, भरल्या तोंडाने उत्तर येवो. बेबीच्या मनावरचा डाग तिच्याच अश्रूंनी धुतला जावो, अभिषेकला उदंड आयुष्य लाभो. तळपद्यांच्या घरी येणारे उत्तर, कसेही येवो, एकटे न येवो. त्याच्याबरोबर तूही ये, आणि त्या दोघांच्या मध्ये सतरंजीवर बस. आणि शंतनु, बाळा, जिथे कुठे असशील, या लोकी वा त्या लोकी, तिथे तुझे बोट कोणीतरी धरलेले असो. कल्याण असो, कल्याण असो, या साऱ्या घरांचे कल्याण असो.